चूकभूल देणेघेणे

किराणा मालाच्या दुकानातून आणलेले बिल आपण सहसा बेरजेपुरते पाहतो आणि मग ते खिळ्याला अडकवून टाकतो. त्याच्या तळाशी बारीक टाइपात चार अक्षरे छापलेली असतात, तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. ‘चू. भू. दे. घे.’ म्हणजे चूकभूल देणेघेणे. हिशेबात काही चुकले असेल तर ज्याच्याकडे जास्त गेले त्याने परत द्यावे आणि ज्याला कमी पोचले त्याने मागून घ्यावे, असा त्याचा सरळ अर्थ आहे. इंग्रजी बिलांवरही याच जागी तीन अक्षरे छापण्याचा प्रघात आहे. पण त्यांचा अर्थ ‘चुका व राहून गेलेल्या बाबी वगळून’ एवढाच होतो. बिल करणारा तेथे स्वतःपुरती वाट मोकळी ठेवतो. आपल्या पेढीवाल्यांनी मात्र दोन क्रियापदे योजली आहेत आणि त्यांत ‘देणे’ आधी घातले आहे. हे मुद्दाम केले असेल असा माझा आग्रह नाही. बोलण्याच्या ओघातही तसे होत असते. पण या चार अक्षरांनी दोन्ही पक्ष बांधले जातात, ही गोष्ट आजच्या विषयाच्या दृष्टीने फार उपयोगाची आहे.

विषय असा. एखादी भाजीवाली, एखादा हातगाडीवाला, गल्लीच्या कोपऱ्यावरचा दुकानदार भाव सांगताना चुकतो, व्हावा त्यापेक्षा कमी सांगून बसतो. त्याच्या ते ध्यानात येत नाही, आपल्या येते. अशा वेळी गप्प बसून तो माल त्या भावाने घेणे योग्य की अयोग्य?

प्रश्न क्षुल्लक दिसतो. दहावीस रुपयांच्या गोष्टीसाठी नीतिशास्त्र कशाला वेठीस धरायचे, असे कोणी म्हणेल. परंतु हाच प्रश्न रोमच्या तत्त्वचिंतकांनी, मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मशास्त्र्यांनी, ज्यू धर्मपंडितांनी आणि आपल्याकडच्या जातककारांनी आपापल्या परीने हाताळलेला आहे. आणि गंमत अशी की, यांपैकी बहुतेकांनी उदाहरण घेतले आहे ते सोन्याचेच.

त्यांच्याकडे वळण्यापूर्वी थोडी निवडानिवड करायला हवी, कारण ‘चूक’ या एका शब्दाखाली आपण अगदी भिन्न गोष्टी घालतो. पाचशेची नोट दिली असता दोनशेऐवजी तीनशे परत आले, तर ही भावातली चूक नव्हेच. भाव ठरला होता, तो दोघांनाही मान्य होता. वरचे शंभर रुपये केवळ हात चुकल्याने आपल्याकडे आले आहेत. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७२ वे कलम या बाबतीत स्पष्ट आहे. चुकीने मिळालेला पैसा किंवा वस्तू ज्याला मिळाली त्याने ती परत केली पाहिजे. येथे चर्चेला फारसा वाव नाही, म्हणून ही बाब मी येथेच सोडतो.

दुसऱ्या टोकाला ज्या गोष्टी आहेत त्याही सोडून देऊ. दिवेलागणीच्या सुमारास मंडईतला भाव उतरतो, सकाळी तीसला असलेली मेथीची जुडी दहाला मिळते. सकाळच्या भवानीला दुकानदार एखादा रुपया सोडून देतो. ओळखीच्या घरी वर एक लिंबू टाकतो. यात चूक नाही. विकणाऱ्याने आपला हिशेब केलेला असतो, आणि उरलेली मेथी उद्या कोणी घेणार नाही हे आपल्यापेक्षा त्याला जास्त कळते. अशा स्वस्ताईबद्दल ज्याला अपराधी वाटते त्याने उगाच मनाला त्रास करून घेऊ नये.

मग राहतात त्या दोनच जागा, आणि खरी अडचण तेथेच आहे. एका ठिकाणी विकणारा बोलण्यात किंवा लिहिण्यात घसरतो : एकशे चाळीस म्हणायचे ते चाळीस म्हणतो, किलोचा भाव अर्ध्या किलोच्या पाटीवर लिहितो. दुसऱ्या ठिकाणी तो जे म्हणतो ते त्याला म्हणायचेच असते. पण आपण काय विकतो आहोत हेच त्याला माहीत नसते. पहिल्यातली जीभ चुकते, दुसऱ्यातले ज्ञान अपुरे असते. या दोहोंना एकच माप लावले की घोटाळा होतो.

पहिली जागा ओळखण्याची खूण सोपी आहे. आपण त्या चुकीकडे बोट दाखवले तर विकणारा काय म्हणेल, हे मनाशी विचारावे. ‘अरे हो की, चुकलोच!’ असे तो म्हणेल याची आपल्याला खात्री असेल, तर त्याने सांगितलेला भाव हा त्याचा भावच नव्हता. आपण जो सौदा करू पाहतो त्याला त्याची संमती नाही. फक्त त्याच्या तोंडून निघालेले अक्षर आपल्या बाजूचे आहे. घासाघीस करणे वेगळे. घासाघिशीत दोघांनाही खेळ ठाऊक असतो. तो ऐंशी म्हणतो तेव्हा साठला द्यायची त्याची तयारी असते आणि आपण चाळीस म्हणतो तेव्हा आपलीही साठची तयारी असते. तेथे दोन माणसे समोरासमोर उभी असतात. घसरलेल्या जिभेचा फायदा घेताना मात्र समोरचा माणूस त्या सौद्यात हजरच नसतो.

कायद्याने याचा विचार कसा केला आहे ते पाहण्यासारखे आहे. आपल्या करार कायद्याचे २० वे कलम म्हणते की, कराराच्या मुळाशी असलेल्या वस्तुस्थितीबद्दल दोन्ही पक्षांची गैरसमजूत असेल तर करार रद्दबातल होतो. लगेच पुढे २२ वे कलम सांगते की, एकाच पक्षाची गैरसमजूत असेल तर केवळ तेवढ्या कारणाने करार मोडता येत नाही. मोबदला अपुरा आहे एवढ्याने करार फोल होत नाही, हे २५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना विकण्याचे उदाहरण तेथे दिलेले आहे, अट एवढीच की संमती मोकळ्या मनाने दिलेली असावी. आणि १७ वे कलम म्हणते की, बोलण्याचे कर्तव्य नसेल तेथे नुसते गप्प राहणे म्हणजे कपट नव्हे. दोन व्यापारी सौदा करीत आहेत, एकाला भाव बदलल्याची खबर लागली आहे. ती त्याने दुसऱ्याला सांगितलीच पाहिजे असे नाही, असा दाखला त्या कलमाखाली दिला आहे.

एवढे वाचून एखादा हिशेबी गृहस्थ खूष होईल. पण इंग्लंडमधील न्यायालयांनी याच वाटेवर एक अडसर घालून ठेवला आहे. १९३९ साली तेथे सशांच्या कातड्यांचा एक खटला गाजला. अर्जेंटिनातील रानसशांची ३०,००० कातडी विकायची होती. धंद्याची रीत अशी की, भाव कातड्यामागे ठरायचा. आधीची बोलणीही तशीच झालेली. पण विकणाऱ्यांनी लेखी भाव कळवताना ‘नगास’ लिहिण्याऐवजी ‘पौंडास’ लिहिले. एका पौंडात साधारण तीन कातडी बसतात, म्हणजे माल जवळजवळ तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत गेला. घेणाऱ्याने तत्काळ होकार दिला आणि माल मिळेना तेव्हा नुकसानभरपाईचा दावा लावला. न्यायाधीशांनी तो फेटाळला. त्यांचे म्हणणे असे की, धंद्यातल्या माणसाला ही चूक दिसली नसेल हे शक्य नाही. आणि समोरच्याचे म्हणणे त्याच्या मनातले नाही हे माहीत असूनही ज्याने होकार दिला, त्याचा करार झालाच नाही. याच्याही आधी, १८६१ साली, २२५० पौंडांच्या जागी १२५० पौंड लिहिले गेलेल्या एका जमिनीच्या व्यवहारात असाच निकाल लागला होता. तेथे तर घेणाऱ्याने पूर्वी दिलेली २००० पौंडांची मागणी नाकारली गेली होती, तेव्हा १२५० हा आकडा खरा नव्हे हे त्याला कळायला ज्योतिषाची गरज नव्हती.

तात्पर्य, चूक ओळखून ती झडपून घेणाऱ्याच्या पाठीशी कायदाही मनापासून उभा राहत नाही. पण हे खटले ३०,००० कातड्यांचे आणि हजारो पौंडांचे होते. चाळीस रुपयांना गेलेल्या कलिंगडासाठी कोणती मालन किंवा कोणता शंकर न्यायालयाची पायरी चढणार आहे? मोठी पेढी चुकली तर वकील लावते. लहान विक्रेता चुकला तर तो दिवस घालवतो. कायद्याचा हात जेथे पोचत नाही तेथे घेणाऱ्याची सद्बुद्धी हाच काय तो त्याचा वकील असतो, आणि म्हणून हा प्रश्न मोठ्या दुकानांपेक्षा लहान टोपलीच्या बाबतीत अधिक गंभीर होतो.

ही टोपली किती लहान असते याची आपल्याला, म्हणजे महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या मंडळींना, कल्पना नसते. समजा, एका बाईने पहाटे ४० जुड्या १० रुपयांप्रमाणे ४०० रुपयांना घेतल्या आणि १५ रुपयांनी विकायला बसली. पाच जुड्या उन्हाने मेल्या. उरलेल्या ३५ जुड्यांचे आले ५२५. मुद्दल वजा जाता १२५. टेंपोचे आणि जागेचे मिळून ४० गेले. हातात राहिले ८५ रुपये. आता हिच्याकडून कोणा गिऱ्हाइकाला पाचशेच्या नोटेचे पैसे परत देताना किंवा भाव सांगताना शंभराची चूक झाली, तर आजची कमाई संपली आणि उद्याच्या मुद्दलाला १५ रुपयांची तूट आली. हे भांडवल कर्जाचे असेल तर गोष्ट आणखी बिकट होते. २०२० साली केंद्र सरकारने फेरीवाल्यांसाठी ‘पीएम स्वनिधी’ योजना काढली, तेव्हा पहिल्या कर्जाची मर्यादा दहा हजार रुपये ठेवली होती. एका कुटुंबाचा धंदा उभा राहायला एवढे पुरते, असा त्यामागचा अंदाज. आपल्यापैकी कित्येकांच्या हातातले घड्याळ याहून महाग असते. दुकानात गल्ल्यावर नोकर बसलेला असेल तर चुकीचे ओझे मालकाच्याही खाली सरकते. कसूर झाली म्हणून गल्ल्यातील तूट पगारातून कापण्याची मुभा १९३६ च्या वेतन कायद्यानेच दिलेली होती, आणि लहान दुकानांत अशी कपात होते ती कायदा विचारून होत नाही.

चुका कधी वाढतात याचाही एक इतिहास आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर जाऊन किलो आला. रुपयाचे सोळा आणे मोडून शंभर नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, पण पाव पैसा द्यायचा कसा? म्हणून तक्त्यात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ असे आकडे आले. हिशेबी गिऱ्हाईक आण्याआण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेऊन एक नवा पैसा वाचवू शकत होते. हा झाला विनोद. शेराच्या बाबतीत तो विनोद राहत नाही. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. शेराचा भाव तोंडात बसलेला विक्रेता तोच भाव किलोला सांगून बसला, तर शेकडा सात टक्के माल त्याने फुकट दिला. ज्या धंद्यात नफाच शेकडा पाचसात असतो त्यात याचा अर्थ दिवसभराची मजुरी पाण्यात गेली असा होतो. माप बदलते, नाणे बदलते, यंत्र बदलते, तेव्हा शिकलेल्या गिऱ्हाइकाचे पारडे न शिकलेल्या विक्रेत्यापेक्षा काही काळ जड होते.

यंत्र बदलल्यावर काय होते याचा दाखला अलीकडचाच आहे. १२ डिसेंबर २०१४ च्या संध्याकाळी ब्रिटनमध्ये ॲमेझॉनच्या बाजारात माल विकणाऱ्या अनेक लहान व्यापाऱ्यांच्या वस्तूंची किंमत तासाभरासाठी एक पेनी झाली. हे व्यापारी ‘रिप्राइसरएक्सप्रेस’ नावाची एक प्रणाली वापरीत. प्रतिस्पर्ध्यांचे भाव पाहून आपले भाव आपोआप खालीवर करणे हे तिचे काम. त्या संध्याकाळी ती बिघडली. ज्यांचे हे नुकसान झाले त्यांत घरच्या घरी धंदा करणारी कुटुंबे होती आणि दिवस नाताळच्या हंगामाचे होते. बऱ्याचशा मागण्या ॲमेझॉनने रद्द केल्या; परंतु काही माल गोदामातून आपोआप रवाना होऊन गेलेला होता. आता एका पेनीला खेळणे मिळते हे पाहून ज्याने ते मागवले, त्याला ही सवलत आहे असे खरोखर वाटले असेल काय? एखाद्याला वाटलेही असेल. पण ज्याने तीच वस्तू डझनाने मागवली, त्याच्या संख्येनेच त्याच्या मनातले सांगून टाकले.

आता दुसऱ्या, अधिक बिकट जागेकडे वळू. विकणाऱ्याची जीभ नीट आहे. त्याला वस्तूचीच पारख नाही. येथे सिसेरो उपयोगी पडतो. इ. स. पूर्व ४४ मध्ये त्याने आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात एक कोडे घातले आहे. एक मनुष्य पितळ समजून सोने विकतो आहे. सज्जन गिऱ्हाइकाने त्याला ते सोने असल्याचे सांगावे, की हजार दिनारांची वस्तू एका दिनाराला घ्यावी? यावर त्या काळच्या विचारवंतांची मते फुटलेली होती. एक पक्ष म्हणे, कोणी कोणाला फसवलेले नाही, ज्याने त्याने आपला माल ओळखावा. दुसरा म्हणे, माणसामाणसांत जो समाजबंध आहे तो लपवाछपवीने तुटतो. सिसेरोचा कल दुसऱ्याकडे आहे. त्याच ग्रंथात स्कीव्होला नावाच्या एका गृहस्थाची गोष्ट त्याने दिली आहे. याला एक जमीन घ्यायची होती. विकणाऱ्याने भाव सांगितला, तेव्हा हा म्हणाला, माझ्या मते तिची किंमत जास्त आहे. आणि त्याने आपण होऊन एक लाख सेस्टर्स वर घातले. लोक म्हणत की हा सज्जन खरा, पण शहाणा नव्हे. सज्जनपणा आणि शहाणपणा यांची अशी ताटातूट करणे हेच जगातल्या अनर्थाचे मूळ आहे, असे सिसेरोला वाटते. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनसने पितळ-सोन्याचेच उदाहरण घेऊन स्वच्छ निर्णय दिला : घेणाऱ्याला ठाऊक असेल तर त्याची खरेदी अन्यायाची, आणि त्याने भरपाई केली पाहिजे. ज्यूंच्या परंपरेत शिमोन बेन शेटाह या गुरूची कथा आहे. शिष्यांनी त्याच्यासाठी एका अरबाकडून गाढव विकत आणले. त्याच्या गळ्यात रत्न निघाले. शिष्य हरखले. गुरूने रत्न परत पाठवले, कारण त्याने गाढव विकत घेतले होते, रत्न नव्हे.

या सर्व कथांपेक्षा मला आपली सेरिववाणिज जातकाची कथा अधिक खोल वाटते. जातकसंग्रहात ती तिसरी आहे. दोन फेरीवाले तेलवाह नदी ओलांडून अंधपूर नगरात माल विकायला जातात. एका पडक्या घरात एक म्हातारी आणि तिची नात राहत असते. घराणे पूर्वी व्यापाऱ्याचे, आता दोघी मोलमजुरी करून जगतात. नातीला एखादा दागिना हवा असतो, आणि देण्यासारखी वस्तू म्हणजे अडगळीत पडलेली एक काळवंडलेली थाळी. पहिला फेरीवाला सुईने तिच्यावर रेघ ओढून पाहतो. सोने! थाळी फुकटच पदरात पाडावी म्हणून तो तिला अर्ध्या कवडीचीही किंमत नाही असे सांगतो आणि ती भिरकावून चालता होतो. दुसरा येतो. तो थाळी पाहून म्हणतो, आजी, हिची किंमत एक लाख आहे आणि माझ्याकडे तेवढा पैसा नाही. म्हातारी म्हणते, तुझ्या पुण्याईने ती सोन्याची झाली असेल, तुला सुचेल ते दे आणि घेऊन जा. तो जवळची पाचशे नाणी आणि तेवढ्याच किमतीचा सगळा माल देतो. तागडी, पिशवी आणि नावाड्यासाठी आठ नाणी फक्त मागून ठेवतो. पहिला परत येतो तेव्हा थाळी गेलेली असते. तो नदीकाठी धावतो आणि संतापाने ऊर फुटून मरतो.

या कथेतला एक तपशील सहसा नजरेतून निसटतो. दुसऱ्या फेरीवाल्यानेही थाळी पूर्ण किमतीला घेतलेली नाही! लाखाची वस्तू त्याने हजारात, म्हणजे शंभराव्या हिश्शात घेतली. आणि तरी जातककाराच्या दृष्टीने तो बोधिसत्त्व आहे. कारण त्याने म्हातारीला आधी खरे सांगितले. ती जे देत होती ते काय आहे हे तिला ठाऊक झाले, आणि मग तिने ते दिले. स्कीव्होलाने जास्त पैसे मोजले. याने जास्त पैसे मोजले नाहीत, तिच्या हातात निर्णय परत दिला. कमी भावाने घेणे हा दोष नाही. आपल्याला माहीत असलेले तिला माहीत नसताना घेणे, येथे दोषाची सुरुवात होते. हा उलगडा केला की बाजारातल्या पुष्कळ शंका आपोआप मिटतात.

सगळ्या मिटत नाहीत. रद्दीच्या दुकानात किलोच्या भावाने पुस्तके मिळतात. त्या ढिगात एखाद्या दुर्मिळ पुस्तकाची पहिली आवृत्ती एखाद्या जाणकाराला सापडली, तर त्याने रद्दीवाल्याला थांबवून तिची किंमत समजावून सांगावी काय? सिसेरो बहुधा होय म्हणेल. मी येथे थोडी सवलत देईन. रद्दीवाला पुस्तक विकतच नाही; तो वजन विकतो आणि वजनात त्याची चूक झालेली नाही. ढिगात काय आहे हे न पाहता विकायचे, हा त्याने पत्करलेला धंदा आहे. एकेक पान पाहत बसला तर त्याचे भाडे निघणार नाही. शिवाय ते पुस्तक ओळखायला जाणकाराने आयुष्याची दहा वर्षे घातलेली असतात. परंतु त्याच रद्दीवाल्याने ते पुस्तक वेगळे काढून ‘साहेब, याचे काय येतील हो?’ असे विचारले, की सवलत संपली. त्याने विश्वास टाकला. आता उत्तर खरे दिले पाहिजे. आणि तेच पुस्तक एखाद्या विधवा बाईने नवऱ्याच्या कपाटातून काढून आपल्यापुढे ठेवले असेल, तर तिने विचारण्याचीही वाट पाहू नये.

आपल्या जुन्या व्यवहारशास्त्राने हा प्रश्न निराळ्या दिशेने सोडवलेला दिसतो. सौदा झाल्यावर ज्याला पस्तावा वाटेल त्याला तो फिरवण्याची मुदत द्यावी, हे ते सूत्र. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ही मुदत दहा दिवसांची आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात अधिक बारकाई दाखवली : व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन, गुराख्यांना पाच. ज्याचा रोजचा धंदाच खरेदीविक्री आहे त्याला चूक कळायला एक रात्र पुरे. रानात गुरे राखणाऱ्याला बाजारभाव कळायलाच पाच दिवस लागतात. आजच्या मोठ्या दुकानांत माल परत करण्याची मुदत असते ती घेणाऱ्यासाठी. विकणाऱ्यालाही पस्तावा होऊ शकतो, आणि तो जितका अडाणी तितकी मुदत जास्त असावी, हे कौटिल्याला सुचले याचे मला कौतुक वाटते.

आता आक्षेप. सर्वांत जोरदार आक्षेप असा असतो की, हे लोक आपल्याला एरवी नाडतातच. वजनात मारतात, तळाशी सडका माल घालतात. एकदा आपल्याला मिळाले तर बिघडले कुठे? याला उत्तर असे की, ज्याने वजनात मारले त्याला तागडीपाशी धरा, वजनमापे निरीक्षकाकडे तक्रार करा. एका भाजीवाल्याचे देणे दुसऱ्या भाजीवालीकडून वसूल करण्याची सोय कोणत्याही हिशेबात नाही. शिवाय ‘त्याची चूक, तो बघेल’ म्हणणारे गृहस्थ आपल्याकडून दहा रुपये जास्त घेतले गेले की तेच बिल घेऊन भर उन्हात दुकान गाठतात. तेव्हा त्यांना चू. भू. दे. घे. मधले ‘घेणे’ नेमके आठवते. दुसरा आक्षेप, नुकसान झाल्याशिवाय तो शिकणार कसा? शिकवणीची ही फी जो शिकवतो त्याच्याच खिशात जाते, एवढी एक गोष्ट या आक्षेपात सांगायची राहून जाते.

सांगायचे कसे, हाही एक भाग आहे आणि तो मला दुय्यम वाटत नाही. चारचौघांत ‘अहो, तुम्हाला हिशेब येत नाही वाटतं!’ असे म्हणून शंभर रुपये परत करणारा मनुष्य पैसे देतो आणि मान काढून घेतो. ‘मावशी, चाळीस म्हणालात की एकशे चाळीस?’ एवढे विचारले की पुरते. पुष्कळदा मावशी कपाळावर हात मारून हसते. कधी ती म्हणते, ‘चाळीसच द्या, आता तोंडातून गेलं.’ अशा वेळी तिच्याशी हुज्जत घालू नये. तिला ठाऊक असून तिने दिले आहे, ते घ्यावे.

आणि चूक घरी आल्यावर लक्षात आली तर? बाजार दूर असेल, विक्रेता फिरता असेल, तर दहा रुपयांसाठी कोणी पाच मैल चालत जावे अशी अपेक्षा कोणताही शास्त्रकार करणार नाही. पुढच्या खेपेस सांगून द्यावे. पूर्वी यात अडचण अशी असे की पुढच्या आठवड्यात तो माणूस भेटेलच याचा भरवसा नसे. हल्ली बहुतेक गाड्यांवर पैसे घेण्यासाठी चौकोनी ठशांचा कागद चिकटवलेला असतो आणि आपण दिलेल्या पैशांची नोंद आपल्या फोनमध्ये त्याच्या नावासकट राहते. २०१६ पासून आलेल्या या सोयीने एक नवी चूकही आणली आहे. रक्कम गिऱ्हाईकच टाकते, गर्दीत एखादे शून्य राहून जाते, आणि पैसे मिळाल्याचे ओरडून सांगणारी ती लहानशी पेटी गाडीवर नसेल तर विक्रेत्याला रात्रीपर्यंत पत्ता लागत नाही. पण त्याच नोंदीवर बोट ठेवून उरलेले एकशे ऐंशी रुपये घरबसल्या पाठवता येतात. सोबत दोन शब्द लिहायला जागा असते. तेथे ‘दुपारच्या आंब्यांचे राहिलेले’ असे लिहावे, म्हणजे रात्री हिशेब जुळवताना ही रक्कम कोणाची, म्हणून तो बुचकळ्यात पडणार नाही.